आधी ऐकावे, मग बोलवावे

संगीत मंडळाच्या वार्षिक पत्रिकेवर सहा-सात नावे छापलेली असतात. गाणे कोणाचे, तारीख कोणती, साथीला कोण, एवढे आपण वाचतो आणि पत्रिका कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवतो. ती नावे तिथे कशी आली, हे सहसा कोणी विचारत नाही. आपल्याकडे घराण्यांचे इतिहास लिहिले गेले, गुरुशिष्यांच्या वंशावळी झाल्या, गाजलेल्या मैफलींच्या आठवणी तर भरपूर झाल्या. मैफलीच्या अलीकडची पायरी मात्र दुर्लक्षित राहिली. अनोळखी गवई गावात आला तेव्हा त्याला पहिल्यांदा कोणी ऐकले, कुठे ऐकले, आणि ऐकून काय ठरवले?

कोल्हापूर, मिरज, सांगली, इचलकरंजी, कुरुंदवाड या पट्ट्याच्या संदर्भात हा प्रश्न मी गेली काही वर्षे धरून बसलो आहे. मी संगीताचा पदवीधर नाही. ऐकत आलो, आठवणींची जुनी पुस्तके वाचत आलो, एवढेच माझे भांडवल. त्यातून एक गोष्ट मला पटत गेली. या पट्ट्यात मोठे गवई राहिले याचे श्रेय आपण राजाश्रयाला देतो, आणि ते रास्तही आहे. पण राजाश्रयाच्या जोडीला इथे नवख्याला ऐकून घेण्याच्या जागा होत्या. त्या जागांनी गवई निवडले, आणि गवई निवडता निवडता श्रोतेही घडवले.

दरबारची हजेरी

संस्थानी काळातली पद्धत साधारण अशी होती. गवई गावात आला की ओळखीच्या घरी किंवा धर्मशाळेत उतरे. कोणा मानकऱ्यामार्फत दरबारी वर्दी जाई. बोलावणे येईपर्यंत दिवस जात, कधी महिने जात. बोलावणे आले की जे गाणे होई त्याला ‘हजेरी’ म्हणत. हजेरी पसंत पडली तर पुढची बैठक, उत्तम पसंत पडली तर नेमणूक, आणि नाही पडली तर बिदागी घेऊन पुढच्या गावी. बिदागी हा शब्दच निरोपातून आलेला आहे. नापसंत गवयालाही वाटखर्चाला काही देऊन पाठवायचे, ही त्यातली रीत.

अल्लादिया खाँसाहेब १८९५ मध्ये कोल्हापूर दरबारी आले, त्याच्या आदल्याच वर्षी शाहू महाराजांना राज्याधिकार मिळाला होता. खाँसाहेबांचा जन्म १८५५ चा, राजस्थानातल्या उनियाऱ्याचा; म्हणजे ते इथे आले तेव्हा चाळिशीचे होते. तरुण वयात अति गाण्याने त्यांचा आवाज बसला होता. परत आला तो पूर्वीचा आवाज नव्हता, आणि त्या आवाजाला पेलेल अशी वेगळीच गायकी त्यांनी घडवली होती. पेचदार, लयीशी बांधलेली, अप्रचलित रागांत रमणारी. अशा गायकीचे मोजमाप एका हजेरीत होणे अवघड. पहिल्या ऐकण्यात ती कळत नाही, कळली तरी वळत नाही. कोल्हापूरने ती सत्तावीस वर्षे ऐकली. १९२२ मध्ये शाहू महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबईची वाट धरली, तोवर या गावात त्या गायकीचा कान तयार झाला होता. धाकटे चिरंजीव भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, आणि पुढे मल्लिकार्जुन मन्सूर, धोंडूताई कुलकर्णी यांच्यासारखे शिष्य त्यांच्याकडे शिकले.

दरबारच्या हजेरीचा दोषही उघड आहे. निवड एका माणसाच्या आवडीवर. महाराज रसिक असले तर गवयाचे भाग्य, नसले तर गाव बदलायचे. बडोद्याने यावर उपाय म्हणून कलावंतांचे स्वतंत्र खाते आणि लेखी नियम केले. तरीही शेवटचा शब्द दरबाराचाच. शिवाय दरबारात झालेले गाणे गावाच्या कानापर्यंत पोहोचेलच असे नव्हते.

क्लबाचा कान

कोल्हापुरात ही उणीव भरून काढणारी एक जागा खाँसाहेब येण्याच्या आधीच उभी राहिली होती. १८८३ मध्ये गावातल्या संगीतप्रेमी मंडळींनी सुरू केलेली ही संस्था पुढे गायन समाज देवल क्लब म्हणून नावारूपाला आली. मुंबईचे गायन उत्तेजक मंडळ १८७० चे, पुण्याचे गायन समाज १८७४ चे. त्यांच्या मागोमाग एका संस्थानी गावात अशी संस्था निघावी आणि ती आजवर चालावी, ही लहान गोष्ट नाही.

क्लब म्हणजे रोजची बसण्याची जागा. वकील, कारकून, शिक्षक, व्यापारी संध्याकाळी जमायचे, तंबोरे जुळायचे, कोणी ना कोणी गायचे. गावात आलेला गवई इथे आला की त्याला दरबारासारखी ताटकळ नव्हती आणि मैफलीसारखा मानही नव्हता. दहा-वीस जाणकार समोर. त्यांत एक तालाचा पक्का, एक रागाचा काटेकोर, एकाला नुसता आवाज आवडतो, एकाला काहीच आवडत नाही. अशा मिश्र मंडळींसमोर माणूस एका संध्याकाळी फसला तर दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा गाऊ शके. एका कानाऐवजी अनेक कान आणि एका संधीऐवजी अनेक संध्याकाळी, हा दरबार आणि क्लब यांतला फरक.

याचा सर्वांत बोलका दाखला गोविंदराव टेंबे. जन्म १८८१, कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे. पेटी त्यांनी बहुतांशी स्वतःच्या बळावर आत्मसात केली. संगीताची गोडी आणि समज लागली ती देवल क्लबात, हे ऋण त्यांनी मानले आहे. पुढे ते भास्करबुवा बखल्यांचे साथीदार झाले, १९११ च्या ‘मानापमान’चे संगीतकार झाले, आणि १९३२ मध्ये कोल्हापुरातच तयार झालेल्या प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’चे संगीत आणि नायकाची भूमिका दोन्ही त्यांनी केले. ज्याला कोणी रीतसर शिकवले नाही त्याला रोज ऐकून घेणारी जागा मिळाली, तर काय होते ते इथे दिसते.

दुसरा दाखला नारायण श्रीपाद राजहंस या मुलाचा. भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीला गाणारी नायिका हवी होती. शाहू महाराजांनी नारायणचे गाणे ऐकले होते. मुलाच्या कानाला त्रास होता. महाराजांनी मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉक्टर वान्लेस यांच्याकडून त्याच्यावर उपचार करवले, आणि १९०५ मध्ये नारायण किर्लोस्कर मंडळीत दाखल झाला. पुढचा बालगंधर्वांचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. ऐकणाऱ्याने इथे नुसते ‘गातो छान’ म्हणून पाठ थोपटली नाही. गाण्याच्या आड येणारी अडचण ओळखली आणि ती दूर केली. निवड करणाऱ्याचे काम कुठपर्यंत जाते, हे त्यावरून कळते.

जोड बघणे

ऐकून निवडणे म्हणजे परीक्षा घेणे असे अनेकांना वाटते. कोल्हापूरच्या माणसाला ते वेगळ्या तऱ्हेने सांगता येईल. जत्रेच्या कुस्ती मैदानात पंच ‘जोड’ बघतात. दोन पैलवान समोरासमोर उभे करायचे, अंगलट पाहायची, वय आणि सराव विचारायचा, मग जोड लावायची. थोर कोण हा प्रश्न तिथे नसतो. या मैदानात, या वेळी, कोणासमोर कोण शोभेल हा असतो. जोड चुकली तर पैलवानही दुखावतो आणि प्रेक्षकही.

मैफलीचेही तसेच आहे. वाड्याच्या दिवाणखान्यात मोहून टाकणारा आवाज मोठ्या नाट्यगृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नसे. खासबागेशेजारचे पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झाले तेव्हा ध्वनिक्षेपक नव्हते. तिथे गायचे तर फेक हवी. ती फेक ज्यांच्याकडे होती त्या केशवराव भोसल्यांचे नाव पुढे १९५७ मध्ये त्या नाट्यगृहाला दिले गेले. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडले तेव्हा गाव का हळहळले, हे बाहेरच्यांना चटकन कळणार नाही. जागेला आवाज लागतो आणि आवाजाला जागा लागते. ती सांगड आधी प्रत्यक्ष ऐकल्याशिवाय घालता येत नाही.

भिंतीपलीकडचे गाणे

या सगळ्या चित्रात एक मोठी पोकळी आहे, आणि ती लपवून इतिहास लिहिणे बरे नाही. दरबारचा कान पुरुषाचा, क्लबाचा कानही पुरुषांचाच. बायका गात होत्या, उत्तम गात होत्या. पण ‘कलावंतीण’ या एका शब्दात त्यांचे गाणे गुंडाळले जाई. त्यांना ऐकण्याची जागा निराळी, आणि तिथे गाण्याबरोबर इतर पुष्कळ गोष्टींचा हिशेब होई. गोव्याहून आईबापांचे बिऱ्हाड मुलीच्या गाण्यासाठी या बाजूला हलायचे ते गुरू मिळावा म्हणून. केसरबाई केरकर लहानपणी कोल्हापूरला आल्या आणि काही महिने अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकल्या. कोल्हापूरकडच्याच लक्ष्मीबाई जाधव अल्लादिया खाँसाहेबांचे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकल्या, पण दरबारची गायिका म्हणून त्यांना जागा मिळाली ती बडोद्यात.

मोगूबाई कुर्डीकरांची हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. नाटक कंपनीतून बाहेर पडलेली ही मुलगी १९२० च्या आसपास सांगलीत राहत होती आणि घरात मेहनत करत होती. अल्लादिया खाँसाहेब औषधोपचारासाठी सांगलीला आले होते. जाता-येता तो आवाज त्यांच्या कानी पडला, ते थबकले, आणि आपण कोण हे न सांगता शिकवायला लागले. ही गोष्ट आपण गुरूच्या मोठेपणाची म्हणून सांगतो. ती मोठेपणाची आहेच. पण तिची दुसरी बाजू अशी की, मोगूबाईंसारख्या मुलीला ऐकून घेण्याची गावात नेमकी अशी जागा नव्हती. योगायोगाने एक जाणता माणूस रस्त्याने गेला म्हणून ते गाणे आपल्याला मिळाले. ज्यांच्या घरावरून कोणी गेले नाही अशा किती जणी असतील, याची मोजदाद कोणत्याच दप्तरात नाही.

तिकीट आणि वर्गणी

बालकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर १८९६ मध्ये मिरजेहून बाहेर पडले. सौराष्ट्रात फिरताना त्यांनी तिकीट लावून गाणे केले, आणि ही आपल्याकडच्या तिकिटाच्या मैफलींची सुरुवात मानली जाते. यामुळे गवई दरबारच्या मर्जीतून सुटला. पुढे याच वाटेने स्त्रियांनाही जागा मिळाली. मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांना तिकिटाची मैफल करणाऱ्या पहिल्या गायिकेचा मान दिला जातो. तिकीट काढून आलेल्या माणसाला ‘ही कोणाची कोण’ असे विचारण्याचा अधिकार उरत नाही. गाणे आवडले की नाही, एवढेच तो म्हणू शकतो.

मात्र तिकिटाने एक नवी अडचण आणली. पैसे आधी द्यायचे तर नाव माहीत हवे. अनोळखी नावावर तिकीट खपत नाही. तेव्हा तिकिटाची मैफल नाव झालेल्यांची, आणि नाव व्हायचे तर मैफल हवी, असा पेच पडला. त्यावर तोडगा निघाला वार्षिक वर्गणीचा. म्युझिक सर्कल नावाने आपल्या गावोगावी जी मंडळे झाली ती याच हिशेबाने चालतात. सभासद वर्षाचे पैसे आधी भरतात, कोण गाणार हे समितीवर सोडतात.

गंमत म्हणजे अमेरिकेतही १९२० च्या दशकात हीच युक्ती निघाली. लहान गावांत बाहेरचा कलावंत बोलवला की तिकिटे खपत नसत आणि आयोजक तोट्यात जाई. मग आठवडाभराची मोहीम काढून आधी सभासद गोळा करायचे, सुटी तिकिटे विकायचीच नाहीत, आणि जमलेल्या रकमेत बसतील तेवढे कलावंत ठरवायचे, अशी पद्धत पडली. ‘कम्युनिटी कॉन्सर्ट्स’ या नावाने ती शेकडो गावांत पसरली. पण आर्थिक हिशेब सारखा असला तरी ऐकण्याचा हिशेब उलटा होता. तिथे ऐकून निवड करणारी कंपनी न्यूयॉर्कमध्ये, आणि गावच्या समितीसमोर येई ती नावांची यादी. यादीतून गाव निवडत असे, प्रत्यक्ष ऐकून नव्हे. आपल्याकडे निदान सुरुवातीची काही दशके गवई स्वतः गावात येऊन बसत होता.

चिंचेखाली आणि पडद्यामागे

या निवडीच्या सगळ्या खटाटोपाबाहेरची एक जागा मिरजेला आहे. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले, आणि त्यांच्या स्मरणार्थ मीरासाहेब दर्ग्याच्या उरुसात संगीत सभा होऊ लागली. दर्ग्याच्या आवारात चिंचेच्या झाडाखाली कलावंत गातात. तिकीट नाही, मानधन नाही, ‘हजेरी’ लावायची. शब्द दरबारचाच, पण इथे हजेरी घेणारा महाराज नाही. रात्रभरात नामवंतही गातात आणि ज्यांचे नाव कोणी ऐकलेले नाही असेही गातात. समोर बसलेल्यांत तंबोरे-सतारी बनवणारे कारागीर असतात, म्हणजे स्वर लागला की नाही हे ज्यांना कोणी सांगावे लागत नाही असे लोक. अनेक वर्षे मी पाहत आलो आहे की आसपासच्या गावांतल्या मंडळांची माणसे तिथे मुद्दाम येऊन बसतात, कानात एखादे नवे नाव ठेवून परततात, आणि पुढच्या हंगामाच्या पत्रिकेत ते नाव दिसते.

याच्या अगदी उलट टोकाची पद्धत आकाशवाणीची. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात कलावंतांची चाचणी घेऊन श्रेणी देण्याची पद्धत पक्की झाली. परीक्षकाला गाणारा दिसू नये, नाव कळू नये, नुसते गाणे ऐकून श्रेणी द्यावी, हे तत्त्व. मुंबईतल्या नामवंतांनी याविरुद्ध मोठी ओरड केली, बहिष्कारही घातला. आयुष्यभर गायलेल्या माणसाची आता परीक्षा कसली, हा त्यांचा सवाल चुकीचा नव्हता. तरीही लहान गावच्या, ज्याच्यामागे घराणे नाही, ओळख नाही, अशा मुलामुलींना याच पडद्याने आधार दिला. १९६३ मध्ये सांगलीला केंद्र झाल्यावर या भागातल्या कित्येकांना आपली श्रेणी हीच पहिली सनद वाटली. घराण्याचे नाव आणि बाईमाणसाचा चेहरा, दोन्ही पडद्याआड गेले. मोगूबाईंच्या गोष्टीतला योगायोग इथे पहिल्यांदा नियमात बसला.

पडद्याला एक मर्यादा आहेच. बैठकीतला गायक श्रोत्यांशी बोलत गातो. दाद आली की वाढतो, नाही आली की मार्ग बदलतो. पडद्यामागून ते कळत नाही. म्हणून श्रेणी ही कामाची खूण असली तरी तिच्यावरून मैफल ठरवता येत नाही.

आजची यादी

आता निवड कशी होते ते सांगतो, कारण अशाच एका लहान मंडळाच्या निवडीत मी बसतो. वर्षाला सहा बैठका, सभासदांची वर्गणी, शाळेचे सभागृह. दिवाळीनंतरचा हंगाम ठरवायला बसलो की मोबाईल पुढे येतो. तीन मिनिटांची ध्वनिफीत, तीही बहुधा द्रुतातली, तानेची. आलाप कोणी पाठवत नाही, कारण आलाप ऐकायला थांबायला लागते. तबलजी कसा सांभाळतो, पहिल्या दहा मिनिटांत आवाज तापतो की नाही, रसभंग झाला तर गाणारा सावरतो कसा, यातले काही त्या तीन मिनिटांत नसते. मग समिती सोपा मार्ग धरते: शेजारच्या मंडळाने गेल्या वर्षी ज्याला बोलवले त्याला आपणही बोलवावे. अशाने दहा गावांच्या पत्रिका सारख्याच दिसतात, आणि ज्याला कोणीच बोलवले नाही त्याला कोणीच बोलवत नाही.

आम्ही गेली तीन वर्षे एक साधी गोष्ट करून पाहिली. पावसाळ्यात, हंगाम नसतो तेव्हा, महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेच्या खोलीत दोन नवख्यांना ऐकतो. प्रत्येकाला पाऊण तास. ध्वनिक्षेपक नाही. साथ गावातल्याच तबलजीची आणि पेटीवाल्याची. ऐकायला समितीबरोबर दहा-पंधरा सभासद, त्यांत निम्म्या बायका. त्याच दिवशी पसंती-नापसंती सांगायची नाही. ज्याच्याबद्दल मतभेद झाला त्याला पुन्हा बोलवायचे. आणि हंगामात नाव येवो न येवो, दोघांनाही सारखी बिदागी त्याच सकाळी हातात द्यायची. ही शेवटची अट सर्वांत वादाची ठरली. ‘नापास झालेल्याला पैसे कशाला?’ असे एका सभासदाने विचारले. तो नापास झाला नाही, त्याने आपल्याला पाऊण तास गाणे दिले, हे उत्तर त्याला पटायला वर्ष लागले.

यातून सगळे चांगलेच निघाले असे नाही. काही सकाळी कंटाळवाण्या गेल्या. पण बारीक आवाजाची एक मुलगी मोठ्या सभागृहात हरवली असती, ती सकाळच्या छोट्या बैठकीला शोभली. एका मुलाला पहिल्या वेळी नाही म्हटले, त्याला दुसऱ्या वर्षी ऐकले तेव्हा हंगामाची पहिली बैठक त्याला दिली. शिवाय ज्या सभासदांनी त्यांना शाळेच्या खोलीत ऐकले होते ते हंगामात शेजाऱ्यांना घेऊन आले. ज्याच्या निवडीत आपला हात असतो त्याचे गाणे माणूस जास्त कान देऊन ऐकतो.

‘तानसेन होता आले नाही तरी कानसेन व्हावे’ असे आपण सहज म्हणतो. या पट्ट्याचा इतिहास पाहिला तर कानसेन एकटा होत नाही. त्याला क्लबाची सतरंजी लागते, दर्ग्याची चिंच लागते, निदान शाळेची एक रिकामी खोली लागते. दरबार गेला, त्याचे दुःख करण्यात अर्थ नाही. क्लबाची ती रोजची संध्याकाळ जशीच्या तशी परत येणार नाही, कारण तेवढा मोकळा वेळ आता कोणाकडे नाही. पण प्रत्येक मंडळाला पत्रिका छापण्याआधी महिन्यातून एक सकाळ काढता येईल, आणि वर्गणीतली थोडी रक्कम अशांच्या बिदागीसाठी बाजूला ठेवता येईल ज्यांची नावे अजून कोणत्याच पत्रिकेवर आलेली नाहीत.